खाली राखेचा ढग, वर सात माणसे

इथिओपियातील हायली गुब्बी हा ज्वालामुखी २३ नोव्हेंबर २०२५ रोजी उसळला आणि त्याच्या राखेचा ढग तांबडा समुद्र व अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी रात्री गुजरात, राजस्थान आणि दिल्लीच्या आकाशात आला. काही विमाने रद्द झाली, ढग पुढे चीनकडे सरकला आणि वर्तमानपत्रांपुरता विषय संपला. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मात्र तो अजून चालूच आहे. बहुतेकांनी तूर-हरभऱ्यावर राख पडेल काय, एवढेच विचारले होते आणि त्यांना स्वतंत्र उत्तरे पाठवली आहेत. पुढील प्रश्न वेगळे आहेत. राख पडली तर आकाशातल्या अंतराळ स्थानकात राहणाऱ्या माणसांचे काय होईल, अशी काळजी त्यांत आहे. म्हणून या वेळचे सगळे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : हरभऱ्यात रानडुकरे शिरू नयेत म्हणून हिवाळ्यात आम्ही रात्री वावरात जागल करतो. एका पहाटे न लुकलुकणारा मोठा तारा पश्चिमेकडून निघून चार-पाच मिनिटांत पूर्वेकडे गेला. मुलगा म्हणाला, ते अंतराळ स्थानक आहे आणि त्यात माणसे राहतात. तेव्हापासून मनात येते की, उद्या एखादा महाभयंकर ज्वालामुखी फुटून खाली सगळीकडे राखच राख झाली, तर या माणसांचे काय होईल? राख त्यांच्यापर्यंत पोचेल काय? आणि उतरायचे म्हटले तर ते उतरतील कोठे?
(एक शेतकरी वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : मुलाने सांगितले ते खरे आहे. ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकच असणार. २ नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामे राहिलेले नाही आणि अलीकडच्या वर्षांत तेथे एरवी सात माणसे असतात.

राखेचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो त्यातल्या त्यात सोपा आहे. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. नागपूर ते भुसावळ हा लोहमार्ग कल्पनेने उभा केला आणि नागपूर जमिनीवर ठेवले, तर स्थानक जवळजवळ भुसावळला येते. आता या उभ्या मार्गावर राख कोठपर्यंत चढते ते पाहा. फिलिपाइन्समधील पिनाटुबोचा १५ जून १९९१ चा उद्रेक विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक होता. त्याचा स्तंभ सुमारे ३५ किलोमीटर चढला, म्हणजे बुटीबोरीच्या जरा पुढे गेला. टोंगा देशातील हुंगा हा समुद्राखालचा ज्वालामुखी १५ जानेवारी २०२२ रोजी फुटला, तेव्हा त्याचे टोक ५७ किलोमीटरवर पोचले. उपग्रहांनी मोजलेल्या स्तंभांत त्याहून उंच दुसरा नाही, आणि तरीही तो वर्ध्याच्या बराच अलीकडे थांबला.

याचे कारण असे की, राखेचा स्तंभ बंदुकीच्या गोळीसारखा वर जात नाही. मुखातून सुटतानाचा जोर पहिल्या काही किलोमीटरांतच सरतो आणि पुढची सगळी चढण तापलेल्या वायूच्या हलकेपणावर होते. भोवतालची हवा आणि स्तंभ सारखेच हलके झाले की चढण थांबते आणि राख छत्रीसारखी आडवी पसरू लागते. हिवाळ्यात सकाळी चुलींचा धूर गावावर एका उंचीला अडून आडवा तरंगताना तुम्ही रोज पाहता. तत्त्व तेच आहे, फक्त आकार कल्पनेपलीकडचा आहे. त्यामुळे उद्रेक जितका मोठा, तितकी राख वर जाण्याऐवजी दूर जाते. सुमात्रा बेटावरील टोबा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला, तेव्हा त्याची राख बंगालचा उपसागर ओलांडून भारतभर पडली. सोन आणि नर्मदेच्या खोऱ्यांत तिचे थर आहेत, आणि तुमच्या पूर्णेच्या गाळातही ज्वालामुखीच्या राखेचे थर भूवैज्ञानिकांना सापडलेले आहेत. म्हणजे एवढ्या दूरच्या ज्वालामुखीची राख पूर्णेकाठी येऊ शकते, परंतु त्याच पूर्णेच्या माथ्यावरून जाणाऱ्या स्थानकाला ती शिवणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न अधिक कठीण आहे. परतीचे यान स्थानकाला कायम जोडलेले असते, आणि जितकी माणसे तितक्या जागा हा नियम आहे. रशियाचे सोयुझ यान स्थानकापासून सुटले की सुमारे साडेतीन तासांत कझाकस्तानच्या गवताळ मैदानात उतरते. त्याचे रॉकेट साधारण पावणेपाच मिनिटे उलट्या दिशेने चालवून ताशी सुमारे २८,००० किलोमीटरचा वेग जेमतेम साडेचारशे किलोमीटरने कमी केला जातो. ही कपात नगण्य वाटते, पण तेवढ्याने यानाची वाट वातावरणात शिरते आणि उरलेले काम हवाच करते. त्यानंतर पन्नासेक मिनिटांत यान जमिनीवर असते.

मधे राखेचा ढग आला तर? ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती दळलेल्या काचेसारखी असते. २४ जून १९८२ रोजी जावा बेटावरील गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिने बंद पडली होती, कारण राख इंजिनात वितळून आतल्या भागांना चिकटली. विमान बिनइंजिनाचे तरंगत खाली आले, सुदैवाने इंजिने पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्त्याला उतरले. उतरणाऱ्या सोयुझला हवा ओढून घेणारे इंजिनच नाही, म्हणून ही भीती त्याला नाही. राखेचा खरा त्रास यान टेकल्यावर सुरू होईल. सहा महिने वजनरहित राहिलेल्या माणसाला पहिल्या काही तासांत धड उभेही राहता येत नाही; हेलिकॉप्टरने आलेली माणसे त्याला यानातून उचलून बाहेर काढतात आणि खुर्चीत बसवतात. हेलिकॉप्टरचे इंजिन मात्र हवा ओढणारे असते. राखेत ते उडवता येणार नाही, आणि मग त्या माळावर उतरलेल्यांना वाट पाहत बसावे लागेल.

असे घडलेले नाही असे नाही, फक्त तेव्हा कारण राखेचे नव्हते. १९ मार्च १९६५ रोजी लिओनोव्ह आणि बेल्यायेव्ह या सोव्हिएत अंतराळवीरांचे यान ठरलेली जागा चुकून उरल भागातील बर्फाळ अरण्यात उतरले. हेलिकॉप्टरला टेकायला जागा नव्हती. दोघांनी त्या थंडीत एक रात्र काढल्यावर माणसे बर्फावरच्या घसरपट्ट्या पायांना बांधून त्यांच्यापर्यंत आली, आणि दुसरी रात्रही अरण्यातच काढून मग सगळे बाहेर पडले. ४ मे २००३ रोजी एक सोयुझ ठरलेल्या जागेच्या सुमारे ४६० किलोमीटर अलीकडे टेकले होते आणि त्यातील तिघेही सुखरूप निघाले. अमेरिकेचे ड्रॅगन यान समुद्रात उतरते. त्याला जहाज लागते, आणि मोठ्या उद्रेकानंतर समुद्रावर तरंगत्या दगडांचे, म्हणजे प्युमिसचे, तराफे पसरतात.

माझे मत विचाराल तर, पहिल्या दिवशी घाईने उतरणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरेल. स्थानक दिवसाला सुमारे १६ फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत पृथ्वी त्याच्याखालून काहीशी पूर्वेकडे सरकते. त्यामुळे एका दिवसात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या ५१ अंशांपर्यंतचा बहुतेक प्रदेश त्याच्या नजरेखालून जातो. कोठले आकाश स्वच्छ आहे, हे तेथील माणसांइतके दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. त्यांनी थांबावे, पाहावे आणि मग जागा निवडावी.

प्रश्न : आमच्या वर्गात वाद झाला. काही मुले म्हणतात, अंतराळवीरांनी ज्वालामुखी फुटताना प्रत्यक्ष पाहिला आहे. काही म्हणतात, इतक्या वरून काही दिसत नाही. खरे काय?
(इयत्ता ९ वीचा विद्यार्थी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : पहिला गट जिंकला. त्यातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग २३ मे २००६ चा आहे. अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरून जाताना जेफ विल्यम्स या अंतराळवीराला क्लीव्हलँड ज्वालामुखीतून राखेचा लोट निघताना दिसला. त्याने छायाचित्र घेतले आणि अलास्काच्या ज्वालामुखी वेधशाळेला वरूनच कळवले. निर्जन बेटावरच्या उद्रेकाची वर्दी वेधशाळेला आकाशातल्या माणसाने दिली, अशी उदाहरणे फार नाहीत.

१२ जून २००९ रोजी कुरील बेटांवरील सारिचेव्ह फुटल्यानंतर थोड्याच वेळात स्थानक त्यावरून गेले. त्या छायाचित्रांत तपकिरी स्तंभाच्या डोक्यावर दुधासारखी पांढरी, गुळगुळीत टोपी दिसते आणि भोवतीच्या ढगांत एक गोल खिडकी पडलेली दिसते. टोंगाच्या उद्रेकाची बातमी कळल्यावर केला बॅरन यांनी दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारी २०२२ रोजी, पॅसिफिकवर पसरलेली राख टिपली. इंडोनेशियातील लेवोतोबी लाकी-लाकी ७ जुलै २०२५ रोजी १८ किलोमीटर उंच राख उडवत होता, त्या दिवशी आपले शुभांशु शुक्ला स्थानकातच होते.

दुसऱ्या गटालाही थोडे गुण देऊ. स्थानकाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक आहे. अमरावती ते नागपूर हे अंतर ते वीस सेकंदांत कापते. स्थानकातून चहूकडे सुमारे २,२०० किलोमीटरपर्यंतची जमीन दिसत असली, तरी एखादी जागा क्षितिजावर उगवून पलीकडे मावळेपर्यंत दहा मिनिटेच मिळतात, आणि पुढच्या फेरीत वाट बाजूला सरकलेली असते. म्हणून बहुतेक उद्रेक हुकतात. कोलंबिया हे अमेरिकी शटल, म्हणजे पुन्हा वापरता येणारे यान, १४ जून १९९१ ला पृथ्वीवर उतरले आणि पिनाटुबोचा मुख्य स्फोट झाला दुसऱ्या दिवशी! त्या दिवशी सोव्हिएत संघाच्या मीर स्थानकात आर्त्सेबार्स्की आणि क्रिकाल्योव हे दोघे होते. क्रिकाल्योव वर असतानाच सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ते २५ मार्च १९९२ रोजी परतले, तेव्हा त्यांना पाठवणारा देश नकाशावर उरलेला नव्हता. आपण आज ज्वालामुखीविषयी बोलत आहोत, परंतु खालची व्यवस्था मोडली तरी वरचा माणूस कसा टिकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. देश गेला, पण नियंत्रण कक्षातली माणसे कामावर येत राहिली आणि सोयुझ यानेही जात-येत राहिली.

पिनाटुबोचे खरे दर्शन मात्र दोन महिन्यांनी घडले. ८ ऑगस्ट १९९१ रोजी अटलांटिस शटलमधून दक्षिण अमेरिकेवरील सूर्यास्त टिपताना उंच ढगांच्याही वर दोन काळसर पट्ट्या दिसल्या. ती राख नव्हती. पिनाटुबोने सुमारे दीड ते दोन कोटी टन गंधकाचा वायू वर सोडला होता आणि त्यापासून झालेल्या आम्लाच्या सूक्ष्म थेंबांचे ते थर होते. त्या थरांनी ऊन अडवल्यामुळे पुढच्या वर्षभरात पृथ्वीचे सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरले. आज स्थानकाच्या बाहेर सेज-३ नावाचे एक उपकरण २०१७ पासून बसवलेले आहे. दर फेरीत सूर्य उगवताना आणि मावळताना त्याचा प्रकाश वातावरणाच्या कडेतून कसा गाळला जातो हे ते मोजते आणि असे थर ओळखते.

प्रश्न : घरात महिन्याचा किराणा भरताना मला नेहमी प्रश्न पडतो की, त्या माणसांचा किराणा कोण भरतो? खालून यान जाणेच बंद झाले तर ते किती दिवस काढू शकतील?
(एक गृहिणी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : किराणा मालवाहू यानांतून जातो. एखादे यान चुकले तरी उपासमार होऊ नये म्हणून काही महिन्यांचा साठा जास्तीचा ठेवलेला असतो. हवा आणि पाण्याची चिंता त्या मानाने कमी आहे. घाम, श्वासातली वाफ आणि लघवी शुद्ध करून वापरलेल्या पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवणे २०२३ मध्ये साधले आहे, आणि पाण्यातूनच विजेच्या साहाय्याने प्राणवायू काढला जातो. वीज उन्हाची असते आणि राखेच्या कितीतरी वर असल्यामुळे ते ऊन कमी होत नाही. आपल्याकडे राखेने सोलर पंप बंद पडतील, तेव्हाही त्यांचे पंखे फिरतील.

अडते ते अन्नाशी. तशी वेळ एकदा आली होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया शटल परतीच्या वाटेवर भंगले, सातही जण गेले आणि शटलची उड्डाणे अडीच वर्षे थांबली. स्थानकाची भिस्त केवळ लहान रशियन यानांवर आली, म्हणून तेथील माणसे तीनवरून दोनवर आणावी लागली. तरीही २००४ च्या अखेरीस साठा इतका उतरला की, लेरॉय चियाओ आणि सलिझान शारिपोव यांना रोजचे खाणे कमी करावे लागले. नाताळच्या दिवशी मालवाहू यान पोचले तेव्हा ही टंचाई संपली. नवे यान आले नसते, तर दोघांना स्थानक सोडून उतरावे लागणार होते.

शिवाय एक गोष्ट किराण्याच्या यादीत सुचणार नाही. चारशे किलोमीटरवरही अगदी विरळ हवा असते आणि तिच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येत राहते. त्याला अधूनमधून रॉकेटने वर ढकलावे लागते आणि ते इंधनही खालूनच येते. ते येणे थांबले, तर सूर्य किती सक्रिय आहे त्यावर अवलंबून स्थानक साधारण वर्ष-दोन वर्षांत कोसळेल. पण परतीच्या यानांची मुदत त्याआधीच संपते. ती सुमारे सात महिन्यांची असते. म्हणजे घरात धान्य असो वा नसो, दारातली गाडी त्या मुदतीत बाहेर काढावीच लागते.

प्रश्न : स्फोटाचा हादरा किंवा आवाज स्थानकाला जाणवेल काय? तसेच आमचे लोणार सरोवर हे ज्वालामुखीचे मुख आहे, असे पर्यटकांना सांगितले जाते. ते बरोबर आहे काय?
(एक शिक्षिका, ता. लोणार, जि. बुलढाणा)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देतो : लोणार हे उल्कापाताने झालेले विवर आहे, ते ज्या खडकात पडले तो काळा बेसाल्ट मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. पश्चिम विदर्भातली काळी कसदार जमीन त्याच खडकाची झीज होऊन झाली आहे, आणि कदाचित त्यामुळेच हा गोंधळ होत असावा.

आवाज वाहून नेण्यापुरती हवा तेथे नाही, म्हणून स्थानकात काही ऐकू येणार नाही. परंतु काहीच पोचत नाही, असेही म्हणता येत नाही. टोंगाच्या स्फोटाची दाबलहर पृथ्वीभोवती अनेकदा फिरली. तिचा परिणाम आयनांबरापर्यंत, म्हणजे ज्या विद्युतभारित थरातून स्थानक फिरते तेथपर्यंत, गेला आणि त्या थराच्या खालच्या भागात ताशी ७२० किलोमीटरपर्यंतचे वारे उपग्रहाने मोजले. स्थानकापाशी हवा इतकी विरळ आहे की, असे वादळ स्थानकातील पाण्याचा थेंबही हलवणार नाही. बिघडतात ते रेडिओ आणि जीपीएसचे संदेश, कारण ते याच थरातून येतात.

प्रश्न : वीज गेली की आमच्या गावात मोबाईलचा टॉवरही थोड्या वेळाने बंद पडतो. जगभर तसेच झाले तर अंतराळवीरांशी बोलणार कोण?
(एक निवृत्त टपाल कर्मचारी, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम)

उत्तर : तुमच्या टॉवरची उपमा मी पुढेही वापरणार आहे. स्थानकाचे बहुतेक बोलणे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमार्फत होते आणि ते अमेरिकेतील न्यू मेक्सिको व पॅसिफिकमधील ग्वाम बेटावरील मोठ्या अँटेनांवर उतरते. उपग्रहांना राखेची बाधा नाही. अँटेना, वीजतारा आणि डिझेल जनरेटर जमिनीवर आहेत. धुक्याच्या दिवसांत धूळ बसलेल्या इन्सुलेटरवरून ठिणगी पडून आपली लाईन बंद होते, तसेच ओल्या राखेनेही होते. जनरेटरला हवा लागते आणि त्याची गाळणी राखेने तुंबते. म्हणून नियंत्रण एकाच ठिकाणी ठेवलेले नाही. मुख्य कक्ष ह्यूस्टनला आणि दुसरा मॉस्कोजवळ आहे. २००८ च्या सप्टेंबरात आइक चक्रीवादळामुळे ह्यूस्टनचा कक्ष रिकामा करावा लागला, तेव्हा काम दुसरीकडे हलवून स्थानक चालूच ठेवले होते. एकच उद्रेक अमेरिका आणि रशिया दोन्हीकडची वीज एकाच आठवड्यात बंद पाडील, हे मला संभवनीय वाटत नाही. मात्र त्यानंतरचे दुष्काळी वर्ष दोन्ही कक्षांना सारखेच जड जाईल.

आणि समजा, दोन्हीकडून उत्तर येईनासे झाले. स्थानकात एक हौशी रेडिओ आहे. त्यावरून अंतराळवीर एरवी शाळकरी मुलांशी बोलतात, आणि १४५.८०० मेगाहर्ट्झवर त्यांचा आवाज साध्या यंत्रावर ऐकू येतो. त्यांच्याशी बोलायला हौशी रेडिओचा परवाना लागतो, आणि तो परीक्षा देऊन आपल्याकडेही काढता येतो. यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालते, टॉवर लागत नाही. आकाश राखेने झाकले असले तरी त्या लहरी खाली येतात. दर्यापूरच्या पत्रलेखकाने पाहिलेला तो तारा माथ्यावरून जात असेल, तेवढ्या वेळात, म्हणजे फार तर दहा मिनिटांत, बोलणे उरकावे लागेल. नंतर दीड तासाने स्थानक पुन्हा येते, पण तोवर त्याची वाट अडीच हजार किलोमीटर पश्चिमेकडे सरकलेली असते.